गाणं संपल्यावरचं वाजवणं

विनिताने धर्माला पाहिलं त्याच्या आधी ऐकलं. पेझारीला चुलतबहिणीची हळद होती. दारापुढच्या मांडवात बेंजो पार्टी वाजत होती आणि बायका तासभर नाचत होत्या. गाणं संपलं, ढोलकी थांबली, कॅसिओवाला पाणी प्यायला उठला, बायका पदराने घाम पुसत खुर्च्यांवर टेकल्या. बेंजोवाला मात्र थांबलाच नाही. मान खाली घालून, डाव्या हाताची बोटं बटणांवर फिरवत तो वाजवतच राहिला. ते कुठलं गाणं नव्हतं. जरा वेळ हळदीच्या चालीच्या आसपास फिरलं, मग लांब गेलं. इतकं लांब, की आता हा परत कसा येणार या काळजीने विनिता हातातलं विड्यांचं ताट तसंच धरून उभी राहिली. आणि तो आला. कुठून तरी आडवळणाने त्याच चालीवर येऊन पोचला. ढोलकीवाला हसत परत बसला.

तीन महिन्यांनी त्याच बेंजोवाल्याचं स्थळ आलं तेव्हा तिने मुलाचं नाव ऐकलं आणि होकार दिला.

"अगं, घर कसं हाय, दार कसं हाय, काय इचारशील का न्हाय?" आई म्हणाली.

तिने काहीच विचारलं नाही.

कोपरपाडा हे धर्माचं गाव रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला. पूर्वी घराची मिठागरं होती, आता थोडी भातशेती उरली होती. लग्नानंतरची पहिली काही वर्षं सुपाऱ्या नसतील त्या संध्याकाळी धर्मा पडवीत बेंजो घेऊन बसायचा. सुपारी म्हणजे हळदीचं, साखरपुड्याचं बोलावणं. विनिता समोर तांदूळ निवडत बसायची. तो काय वाजवतोय हे ती विचारत नसे, आणि त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढे डीजे आले. मोठमोठे स्पीकर टेम्पोवर चढले आणि दर्यासागर बेंजो पार्टीची बोलावणी कमी होत होत बंद झाली. ढोलकीवाला रेवदंडा-अलिबाग रिक्षा चालवू लागला, कॅसिओवाला कंपनीत लागला. धर्माने पाण्याचा टँकर घेतला. बेंजो कापडात गुंडाळून माळ्यावर गेला. भांडण नाही, शपथ नाही. एक दिवस गेला तो गेलाच.

विनिताने एकदाच विचारलं होतं. "आज वाजवा ना जरा."

"कुनासाठी?" धर्मा म्हणाला. तो कुजकटपणे बोलला नव्हता. दमून आला होता, पायांतले बूट काढत होता. पण विनिता तिथे त्याच्यासमोर उभी होती. ती आत गेली आणि तिने भाकरी थापायला घेतली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. दसऱ्याला तेवढा ती माळ्यावरून बेंजो खाली घ्यायची, पुसायची, आणि विळा-कोयत्याच्या, टँकरच्या चावीच्या शेजारी पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायची. धर्मा नमस्कार करायचा तो सगळ्याला मिळून एकदाच.

अशी चौदा वर्षं गेली. मुलगी साक्षी पनवेलला नर्सिंगला गेली. घरात दोघंच उरले.

मागच्या फेब्रुवारीत गावाबाहेरच्या तुळशीरामच्या शेतात कार्यक्रम ठरला. मुंबईचा कुठलासा बँड, नाव 'मोकाट'. भात कापून झालं होतं, शेत रिकामं होतं, पलीकडे बांध आणि बांधापलीकडे खाडी. स्टेज म्हणजे दोन ट्रॉल्या जोडून त्यावर टाकलेल्या फळ्या. बसायला पेंढ्याचे भारे. पाण्याची सोय धर्माच्या टँकरकडे आली, आणि पोपटी लावायचं काम केसरच्या बचत गटाकडे. केसर शेजारीण, गटाची अध्यक्ष, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी असं सगळं मडक्यांत भरून जाळावर भाजायला दुपारपासून बायका बांधाच्या कडेला बसल्या होत्या.

शहरातली पोरं यायला लागली. कापलेल्या भाताचे खुंट चपलेतून टोचत होते म्हणून उड्या मारत चालत होती. पुण्याहून आलेली एक चष्मेवाली मुलगी मडक्यांशी रेंगाळली.

"कसली गानी म्हनतात गं ही लोकं?" विनिताने तिला विचारलं.

"गाणी आहेत तशी, काकू. पण गाणं फक्त सुरुवातीला असतं. मग ते सोडून देतात. पुढे काय वाजवायचं ते त्यांचं त्यांनाही माहीत नसतं."

विनिताच्या हातातली शेंगांची मूठ तशीच राहिली. "आनि परत येतात?"

"कधी कधी येतात," मुलगी म्हणाली. "नाही आले तरी मजा असते."

चारच्या सुमाराला बँडची माणसं खायला आली. पाच जण होते. त्यांतली गिटार वाजवणारी राही तिशी ओलांडलेली, बारीक कापलेले केस, मळका कुडता. ड्रमवाला साहिल ताडमाड उंच. राही पत्रावळीवर शेंगा सोलत मांडी घालून जमिनीवरच बसली.

"हिचा नवरा पन वाजवायचा," केसरने विनिताकडे बोट केलं. "बेंजो. सगळ्या अलिबाग तालुक्यात नाव व्हतं."

राहीचं खाणं थांबलं. "बटणांचा बेंजो? खरंच? मी गिरगावातली. गणपतीत बेंजोच्या मागे मागे चालत जायचे आणि हरवायचे. आई शोधत यायची. कुठे आहेत ते?"

धर्मा टँकरचा पाइप गुंडाळत होता. राही उठून त्याच्याकडे गेली, पाठोपाठ विनिता.

"काका, तुम्ही येता का आमच्याबरोबर वाजवायला?"

धर्माने आधी तिच्याकडे पाहिलं, मग विनिताकडे. "कोनी सांगितलं हिला? चौदा वर्षं हात न्हाय लावला, बाय. तारा गंजल्या असतील. लोकांपुढं हसं व्हायचं."

"बरं," राही म्हणाली. तिने आग्रह केला नाही. "वाटलं तर या. आम्ही अंधार पडेपर्यंत आहोत."

ती गेली. धर्मा पाइप गुंडाळत राहिला. एकदा गुंडाळून झालेला पाइप त्याने सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला. ते विनिताने पाहिलं.

तिने केसरच्या स्कुटीची चावी मागून घेतली, घरी गेली, स्टुलावर चढून बेंजो खाली घेतला. परत आली तेव्हा बँड सुरू झाला होता. तिने बेंजो कापडासकट टँकरच्या बॉनेटवर ठेवला.

"तुला सांगितलं ना न्हाय म्हनून," धर्मा दबक्या आवाजात म्हणाला. तो खरोखर चिडला होता. "काय गरज व्हती?"

"मला ऐकायचं हाय," विनिता म्हणाली. "न्हाय वाटलं तर नका वाजवू. मी घेऊन जाईन परत."

आणि ती बांधाकडे निघून गेली, कारण तिथे थांबली असती तर तिला रडू आलं असतं. बऱ्याच वेळाने तिने वळून पाहिलं. धर्मा टँकरच्या सावलीत उकिडवा बसला होता. बेंजो मांडीवर होता आणि तो कान जवळ नेऊन एक एक तार पिळत होता.

दुसऱ्या गाण्याच्या मध्येच राहीने त्याला हात केला. धर्मा ट्रॉलीवर चढला. टँकरवर घालायचा खाकी शर्ट, पँटचे पाय ओले. साहिलने त्याला स्टूल दिलं, एकाने वायर जोडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, थोडंफार हसलीही. धर्माने कुणाकडे न बघता हळदीची एक जुनी चाल सुरू केली. पहिल्या ओळीत दोनदा चुकला. तिसऱ्यांदा ती चाल धरली गेली. साहिलने तिच्यावर ठेका टाकला आणि शेतातली पोरं उठून नाचायला लागली. केसर आणि गटाच्या बायका मडकी सोडून नाचायला गेल्या. पाच-सात मिनिटं धमाल झाली, मग गाणं संपलं. धर्माने शेवटचा सूर मारला आणि हात तारांवर ठेवून त्या बंद केल्या, सुपारीत करायचा तसंच. तो उठायला लागला.

राहीने मान हलवली. नाही. ती वाजवत राहिली होती, हळू, एकच सूर पुन्हा पुन्हा. साहिलही थांबला नव्हता. धर्मा अर्धवट उठलेला तसाच राहिला. मग बसला.

पुढे जे झालं ते विनिताला नंतर कुणालाच सांगता आलं नाही, केसरलासुद्धा नाही. त्याने एक सूर मारला, राहीच्या सुराच्या जरासा बाजूला. मग आणखी एक. बटणांचा टकटक आवाजही माइकमधून ऐकू येत होता. सुरुवातीला तो अंधारात पाय टाकून बघावा तसा वाजवत होता. राही त्याच्या मागे गेली. मग ती पुढे झाली आणि तो मागे. मग सहाही जण कुठेतरी वळले आणि आवाज एकदम मोठा झाला, इतका की बांधावरचे बगळे उठून खाडीवर गेले. धर्माची मान खाली होती. डावा हात पेझारीच्या मांडवात फिरत होता तसा फिरत होता. हळदीची चाल केव्हाच मागे पडली होती. नाचणारी पोरं हळूहळू थांबली. कुणी बसलं, कुणी उभ्या उभ्याच डोळे मिटून डुलू लागलं. गावातून म्हातारी माणसं आवाज ऐकून बांधावर येऊन उभी राहिली.

सूर्य खाडीच्या तोंडाशी आला. भरती लागली होती, पाणी चढत होतं. विनिता केसरच्या शेजारी उभी होती आणि तिला एकच वाटत होतं, की त्याने एकदा इकडे पाहावं. एकदाच. मी आहे इथे. त्याने पाहिलं नाही. तो जिथे गेला होता तिथे टँकर नव्हता, कोपरपाडा नव्हतं, आणि तीही नव्हती. तिला आनंद झाला होता आणि त्या आनंदातच काहीतरी दुखत होतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी ती ज्याच्यासाठी ताट धरून उभी राहिली होती तो माणूस तिला डोळ्यांपुढे दिसत होता, आणि ती त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हती.

चाळीस मिनिटं चाललं ते, असं नंतर पोरांनी सांगितलं. शेवटी सगळं निवत निवत पुन्हा एका सुरावर आलं. कुणी कुणाला खूण केली नाही. सहाही जण एकाच वेळी थांबले. लांब कुणाच्या तरी होडीचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं.

घरी येताना धर्माने टँकर हळू चालवला. दारात आल्यावर म्हणाला, "विने, ऐकलंस?"

"ऐकलं."

"काय व्हतं ते?"

उत्तराची वाट न बघता तो आत गेला. बेंजो माळ्यावर गेला नाही, टीव्हीच्या बाजूला टेबलावर राहिला.

दोन-तीन आठवड्यांनी राहीने त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पाठवलं. दोघं पडवीत मोबाइल मध्ये ठेवून बसले. आवाज चांगला होता, एक एक सूर कळत होता. धर्माने पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, "हे ते न्हाय."

"तेच तर हाय. त्याच दिवसाचं."

"व्हय, त्याच दिवसाचं. पन ते न्हाय."

विनितालाही तसंच वाटलं होतं. फोटोत माणूस असतो तसं ते होतं.

त्यानंतर धर्मा रोज टँकर लावून आला की बेंजो घेऊन बसू लागला. विनिताला हे हवं होतं, किती वर्षं हवं होतं. पण पूर्वी तो कुठेही जायचा, आता तो त्या संध्याकाळच्या मागावर होता. एखाद्या दिवशी तीन-चार सूर जवळ आल्यासारखे वाटायचे. तो थांबायचा, तीही हातातलं काम थांबवायची. मग ते निसटायचे. तो तारांवर हात ठेवून बसून राहायचा.

एप्रिलमध्ये राहीचा फोन आला. पुण्याला मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, काकांनी यावं. धर्माने नवा शर्ट शिवून घेतला. विनिताने भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. तो जाताना तिला वाटलं, आता हा असाच जात राहील. त्याचं वाईटही वाटलं आणि बरंही.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. हातपाय धुऊन ओट्यावर बसला. विनिताने चहा आणून ठेवला.

"कसं झालं?"

"चांगलं झालं. लोकं उभी राहून टाळ्या वाजवत व्हती. चुकलो पन न्हाय कुठं." त्याने चहाचा घोट घेतला. "पन मी माझीच नक्कल करत व्हतो, विने. त्या दिवशी इथून असा वळलो, मंग तिथं गेलो. आठवून आठवून वाजवत व्हतो."

"राही काय बोलली?"

"तिला कळलं. बोलली, काका, आमाला पन रोज न्हाय मिळत. वरसातनं एखादा दिवस. बाकीचे दिवस आमी त्याच्या मागं गाव गाव फिरतो. मी बोललो, मंग कशाला फिरता? तर हसली. बोलली, एकदा मिळालं ना, मंग घरी बसवत न्हाय."

समोर रस्त्यावरून कुणाची तरी गुरं घरी चालली होती. मग तो म्हणाला, "तिथं डाव्या हाताला भिंत व्हती."

"म्हंजे?"

"शेतात डाव्या हाताला बांध व्हता. बांधावर तू उभी व्हतीस, केसरच्या बाजूला. पदर खोचलेला, हाताला मडक्याची काजळी. पुन्याला तिथं भिंत."

विनिता त्याच्याकडे बघतच राहिली. "तुमी तर एकदा पन बघितलं न्हाय माझ्याकडं. मी किती वेळ वाट बघत व्हते."

"बघायला कशाला लागतं?" धर्मा म्हणाला. त्याला खरोखरच नवल वाटलं होतं.

ती रिकामा कप उचलून आत गेली आणि मोरीपाशी तो कप हातात धरून बराच वेळ उभी राहिली. चौदा वर्षांपूर्वीच तिने त्याला स्पष्ट सांगायला हवं होतं, कुणासाठी वाजवायचं ते. तेवढ्या संध्याकाळी गेल्या. त्या आता कुणी परत देणार नव्हतं.

पावसाळा टँकरला कामाचा नसतो. धर्मा शेतात राबला. संध्याकाळी वाजवायचा, कधी मनासारखं, बहुतेक वेळा नाही. शिकायला म्हणून गावातला कुणी आला नाही, हळदीला कुणी बोलावलं नाही. केसरच्या घरच्या साखरपुड्यालासुद्धा डीजेच आला. त्याचं धर्माला काही वाटलं नाही. विनिताला मात्र वाटलं, आणि ती केसरशी दोन दिवस धड बोलली नाही.

दिवाळीनंतर राहीचा निरोप आला. श्रीवर्धनला समुद्रावर वाजवणार होते, दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत.

"जाऊन ये," धर्मा विनिताला म्हणाला.

"एकटी? मी काय करू तिकडं? तुमी वाजवायला जाल तर मी येईन."

"वाजवायला न्हाय. ऐकायला जाऊ. दोगं."

सकाळीच मोटारसायकलवर निघाले. मुरूड झालं, आगरदांड्याला मोटारसायकल फेरीबोटीवर चढवली. दोघं कठड्याला धरून उभे राहिले. लग्न झाल्यापासून जेजुरी सोडली तर दोघं मिळून कुठे गेले नव्हते. दिघीला उतरून पुढे डोंगरातली वळणं, मग सुपारीच्या वाड्यांमधला थंड रस्ता. विनिताने नवी साडी नेसली होती आणि ती वाऱ्याने पार विस्कटली होती.

श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर दीड-दोनशे माणसं होती. राही धावत येऊन भेटली, विनिताच्या गळ्यात पडली. "काका, बेंजो?"

"घरी हाय."

"बरं," ती म्हणाली. तिने याही वेळी आग्रह केला नाही.

दोघं वाळूत बसले, जरा कडेला. बँड सुरू झाला. गाणी झाली, गाणी सुटली. साहिलने खूप जोर लावला. लोक नाचले. एकदा असं वाटलं की काहीतरी उघडतंय. राहीने डोळे मिटले, धर्मा पुढे सरकून बसला, विनितानेही मान उंचावली. पण ते तिथूनच वळलं आणि पुन्हा साध्या ठेक्यावर आलं. धर्मा मागे हाताला टेकला. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. दोघांनाही एकाच वेळी कळलं होतं, आणि हे असं दोघांना मिळून कळणं विनिताला नवीन होतं. इतके दिवस ती त्याच्यासाठी झुरत होती. आता दोघं एकाच गोष्टीसाठी झुरत होते, वाळूत शेजारी शेजारी बसून.

ऊन उतरलं. पाणी मागे गेलं होतं, ओल्या वाळूत आभाळ दिसत होतं. मागच्या काही जणांनी सतरंज्या झटकायला सुरुवात केली. स्टेजवर राही गिटार घट्ट धरून एकाच सुराभोवती फिरत होती.

धर्माने घड्याळ पाहिलं. "निघायला पायजे. दिघीची शेवटची बोट चुकल. मंग म्हसळ्यावरनं फिरून जावं लागंल, लय लांब पडतं."

विनिताने डोक्यावरचा पदर नीट केला. तिची नजर स्टेजवरच होती.

"बसा हो," ती म्हणाली. "जाऊ दे ती बोट."

धर्मा अर्धा उठला होता, तो परत बसला.